रिसीव्हर तिकडे, माऊस इकडे

४ फेब्रुवारी

प्रिय,

या घरात मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, दारापासून सुरुवात करून: दारावरची दोन सुरांची घंटा (दुसरा सूर किंचित घसरतो, तो सेलचा दोष आहे). चपलांचं कपाट. बाहेरच्या खोलीतला रेडिओ, आणि त्याच्याआधीचा रेडिओ. पंख्याचा रेग्युलेटर. पुस्तकांची मांडणी, एकही खिळा न ठोकता, फक्त खाचांवर उभी. ओट्याच्या वरची ताटाळी. गीझर आपोआप बंद करणारं घड्याळ. लेकीचा पाळणा, सध्या माळ्यावर. वाचायचा दिवा, ज्याची मान हवी तिथे थांबते आणि खाली पडत नाही. तुझं नकाशे काढायचं टेबल, ज्याची फळी कोणत्याही कोनात अडकवता येते. बारीकसारीक धरून एकूण सतरा. रंग देणं, वायर ओढणं असल्या कामांना मी वस्तू म्हणत नाही.

यादी दिली कारण रविवारी फोनवर तू म्हणालीस, "माऊस बिघडलाय, नवा सेटच घेऊन टाकते." ते 'घेऊन टाकते' तेव्हापासून डोक्यात बसलं आहे. फोन कानाला लावला की माझ्या तोंडून 'बरं' आणि 'हं' याच्यापलीकडे काही निघत नाही, हे तुला लग्न ठरल्यापासून माहीत आहे. म्हणून लिहितो.

सेट घेऊ नकोस. कीबोर्ड आणि माऊस दोन दिसतात, पण संगणकाला मागे खोचलेला तो नखाएवढा रिसीव्हर दोघांत मिळून एकच असतो. नवा सेट आणलास तर तो आपला वेगळा रिसीव्हर घेऊन येईल, आणि तुझा चांगला कीबोर्ड विनाकारण अडगळीत जाईल. त्याच्या कळांवरची पुसलेली अक्षरं मी भिंग लावून, तीन केसांच्या ब्रशने पुन्हा काढली आहेत. 'क्ष'ला एक अख्खी दुपार गेली होती.

नुसता माऊस घेतलास तरी त्याचा रिसीव्हर वेगळाच. आणि तूच सांगितलं होतंस की तुझ्या ऑफिसच्या संगणकाला धड चालणाऱ्या दोनच जागा आहेत, त्यातली एक प्रिंटरने अडवली आहे.

तू बदलीवर गेलीस तेव्हा मी एकसारखे दोन सेट घेतले होते, एक तुझ्यासाठी, एक माझ्या दुरुस्तीच्या दुकानात. म्हणजे त्याची आतली रचना मला तोंडपाठ आहे. फक्त माऊस पाठव. सेल काढून, कापडात गुंडाळून. काय होतंय ते नीट लिही. 'बिघडलाय' हे काही लक्षण नव्हे.

तुझा


११ फेब्रुवारी

अहो कारागीर,

सतरा नव्हे, अठरा. ती तिवई तुम्ही गाळलीत, जिच्यावरून मी पडले होते. गाळणारच.

माऊस कापडात गुंडाळून पाठवते आहे. कापड म्हणजे माझा जुना रुमाल आहे, तो सोल्डरच्या डागांत घालवू नका.

आता लक्षण. डावं बटण एकदा दाबलं की तो दोनदा ऐकतो. पाणीपुरवठ्याच्या नकाशावर मी एका गल्लीत एक व्हॉल्व्ह ठेवायला जाते, तिथे एकावर एक दोन बसतात आणि दुसरा जरासा बाजूला सरकतो. माझ्या लक्षात आलं नाही. नकाशा तसाच पुढे गेला आणि आमच्या माणसांनी गेल्या गुरुवारी दिवसभर गल्ली खणली, नसलेला व्हॉल्व्ह शोधायला! मुकादम चिखलाने माखलेला माझ्या टेबलापाशी येऊन म्हणतो, "बाई, पहिला सापडला. दुसरा तुमच्या घरी आहे का बघा." सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, पण दोन दिवस जेवण गेलं नाही. एकवीस वर्षांत माझ्या नकाशामुळे कुणाला फुकटचा खड्डा खणावा लागला नव्हता.

खरेदी विभागातला कारकून म्हणाला, दुपारपर्यंत नवा आणून देतो. त्याला म्हटलं, थांबा, माझ्या घरी एक तज्ज्ञ आहेत. म्हणजे तुमची लाज राखली आहे, आता तुम्ही माझी राखा. तोवर शेजारच्या टेबलावरचा माऊस तासाभरासाठी मागून घेते आणि तासाभराने तो परत मागितला की तोंड कडू करून देते.

आणखी एक. हे फोनवर मुद्दामच बोलले नाही, कारण तुमचं 'बरं' मला ऐकायचं नव्हतं. आमच्या ऑफिसच्या मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. माझी इथली नेमणूक कायम करायचं त्यांच्या मनात आहे. पद तेच, मुख्य आरेखक. सोबत राहायला सरकारी जागा, दोन खोल्या, तिसरा मजला. हो की नाही ते एकतीस मार्चपर्यंत लिहून द्यायचं. नाही म्हटलं तर बदली रद्द होऊन जुन्या ऑफिसात, जुन्या पदावर परत. म्हणजे मीच ज्या मुलींना रेघ मारायला शिकवलं त्यांच्या हाताखाली.

दोन वर्षं सात महिने झाले. सध्याच्या माझ्या खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक शेगडी. एकटीला पुरते. दोन खोल्या एकटीला नको आहेत मला. तुम्ही याल का? दुरुस्तीला कुठल्या गावात वस्तू मोडत नाहीत? आणि मी परत यावं असं वाटत असेल तर तसं म्हणा, त्याचाही मी विचार करीन. पण काहीतरी म्हणा. इथे संध्याकाळी कुलूप उघडताना मला अजूनही वाटतं, आतून कुणीतरी "किल्ली उलटी फिरवतेस" म्हणून ओरडेल.

तुमचीच


२७ फेब्रुवारी

प्रिय,

माऊस सोबत पाठवला आहे. दुरुस्तीचा तपशील असा. तळाचे स्क्रू तीन, त्यातले दोन घसरपट्ट्यांच्या खाली आणि एक लेबलाच्या खाली लपवलेला. लपवतात, म्हणजे माणसाने उघडू नये. डाव्या बटणाखाली तांदळाच्या दाण्याएवढा स्विच असतो आणि त्याच्या पोटात एक पितळी पाती. ती थकली होती. एकदा दाबली की थरथरत दोनदा टेकायची. दुकानातल्या एका मेलेल्या माऊसच्या उजव्या बटणाचा स्विच काढून इकडे बसवला. उजवं बटण माणूस कमी वापरतो, म्हणून तो जवळजवळ नवाच होता. चाकातला केसांचा गुंता काढला. केस तुझेच होते.

यायला उशीर झाला कारण स्विच लवकर मिळाला नाही.

रुमालाला डाग पडलेला नाही. तो धुऊन, घडी करून ठेवला आहे. यावेळी दुसरं कापड वापरलं.

दोन खोल्यांचं वाचलं. खिडक्या कोणत्या दिशांना आहेत ते तू लिहिलं नाहीस. तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा दाब कसा असतो, हे तुझ्याच खात्यात विचार.

तिवई एका बाजूला मी झिजवून ठेवली नव्हती. जमीन वाकडी होती.

तुझा


५ मार्च

अहो,

खिडक्या पूर्वेला आणि उत्तरेला. दाब उत्तम. झालं समाधान?

मी विचारलं काय आणि तुम्ही सांगता काय! पत्र दोनदा वाचलं, पाठीमागे काही लिहिलंय का म्हणून उलटूनही पाहिलं. मागे तुमच्या पेनचा दाब उमटला होता, बाकी कोरं.

आणि माऊस चालत नाही.

सेल नवा घातला. तळाला लाल दिवा लागतो. डावं बटण दाबलं की अगदी घड्याळजीच्या दुकानातल्यासारखा गोड आवाज येतो, हात लागलाय तुमचा हे कळतं. पण पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. कीबोर्ड व्यवस्थित चालतोय, म्हणजे रिसीव्हर जिवंत आहे. मी तुमचीच बायको आहे, एवढं मलाही कळतं.

जुन्या पेठेचा अख्खा नकाशा वीस तारखेला द्यायचा आहे. मुकादम रोज येऊन विचारतो, "बाई, तज्ज्ञ काय म्हणतात?" शेजारच्या टेबलावरच्या बाई आता माझं पाऊल वाजलं की आपला माऊस पदराखाली घेतात.

मनात आलं ते लिहिते. पूर्वी तुम्ही काही दुरुस्त करून माझ्या हातात दिलंत आणि ते चाललं नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

तुमची


९ मार्च

प्रिय,

माऊस बिघडलेला असणं शक्य नाही. माझ्याकडे तो पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालत होता. तेव्हा पुढे लिहितो ते क्रमाने कर आणि मधली पायरी गाळू नकोस. तुला गाळायची सवय आहे.

संगणक पूर्ण बंद कर. रिसीव्हर काढ, त्याचं तोंड कोरड्या कापडाने पूस, फुंकू नकोस, फुंकरीत ओल असते. माऊसमधला सेल काढून बटणं पाचसहा वेळा दाब, म्हणजे आत राहिलेली वीज संपते. सेलच्या दोन्ही टोकांना काळपटपणा असेल तर खोडरबराने घास. सेलची सपाट बाजू स्प्रिंगकडे. माऊसच्या पोटातली बारीक कळ 'चालू'कडे, अर्धवट नको. मग रिसीव्हर प्रिंटरच्या जागी लाव, प्रिंटर रिसीव्हरच्या जागी. संगणक चालू कर. टेबलावर काच असेल तर माऊसखाली कागद घाल.

एवढं करून बाण हलला नाही तर दोष संगणकाचा.

मी दुरुस्त केलेली वस्तू चालली नाही असं पूर्वी झालेलं नाही, हे तूच लिहिलं आहेस. मग आताच शंका का?

तुझा


१४ मार्च

अहो,

सगळं केलं. पुसलं, घासलं, खोडरबर झिजवलं. फुंकर मारली नाही, तोंडावर हात धरून बसले होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पूजा चाललीय का?" बाण काही हलला नाही.

शेवटी संगणक विभागातल्या काकांना बोलावलं. मे महिन्यात निवृत्त होताहेत, घाई म्हणून कशाची नाही. त्यांनी माऊस कानाशी धरला, दाबला, उलटा केला आणि म्हणाले, "बाई, हा ठणठणीत आहे. ज्याने काम केलंय त्याचा हात सोन्याचा. पण याची ओळख तुमच्या रिसीव्हरशी राहिलेली नाही. कुणीतरी याला दुसऱ्या रिसीव्हरशी जोडून दिलंय. हा अजून तिकडेच हाका मारतोय."

मग तुमचं पत्र पुन्हा काढलं. "माझ्याकडे तो पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालत होता." हे पहिल्या दिवसापासून म्हणजे किती दिवस हो? माऊस तुम्हाला तेरा तारखेला मिळाला, सत्तावीसला निघाला. आणि रिसीव्हर तर माझ्याकडे होता. मग तो तुमच्याकडे चालला कसा?

काकांनी पुन्हा जोडून द्यायची तयारी दाखवली होती. मीच नको म्हटलं. राग आला होता, खोटं कशाला सांगू. कारकुनाला सांगून नवा माऊस मागवला, दोन जागांच्या चार करणारी ती डबीही मागवली. अर्ध्या तासात सगळं सुरू. साधा काळा, हलका, मुकाट्याने चालतो. नकाशा वीसच्या आत होईल. तुमचा माऊस खणात ठेवला आहे.

तुमच्या दुकानाशेजारच्या शिंपीवहिनीचा फोन आला होता. तुम्हाला न्यायला मोठ्या कंपनीची माणसं गाडी घेऊन दुकानी दोनदा येऊन गेली म्हणाली, इस्त्रीचे शर्ट घालून. तुम्हाला 'साहेब' म्हणत होती. तिथल्याच त्यांच्या नव्या केंद्रात मोठी जागा देताहेत म्हणे. वहिनी खुशीत होती, तुमच्यापेक्षा जास्त. मला तुम्ही एका अक्षराने कळवलं नाहीत, तेव्हाच मी समजायचं ते समजले.

घ्या. मनापासून सांगते. कुठल्या कॉलेजचं तोंड न पाहता तुम्ही हे कमावलंत. वीस वर्षांपूर्वी त्या रेडिओवाल्या मालकाने 'कागद कुठेत तुझे' म्हणून तुम्हाला दारातून परतवून लावलं होतं, त्या दिवशी तुम्ही घरी येऊन दिवसभर टेबलाला पॉलिश करत बसलात. ते मी पाहिलेलं आहे. आता कुणी आपण होऊन बोलावतंय तर मी आडवी येणार नाही.

मी इथली नेमणूक स्वीकारते. खोल्या दोन नको, आहे तीच राहू दे, असं एकतीसच्या पत्रात लिहून देईन. त्याआधी काही कळवायचं असेल तर कळवा. आणि माऊसचं खरं काय ते सांगा. तेवढं मला हवंय.

तुमची


२० मार्च

प्रिय,

तुझे काका जाणकार आहेत. त्यांना माझा नमस्कार सांग. ते बोलले त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. चूक माझी. पुढे लिहितो ते मी कुणाजवळ बोललेलो नाही.

स्विच तपासायला रिसीव्हर लागत नाही. मीटरची दोन टोकं लावली की पुरे, सुई एकदा हलली की काम संपलं. तेरा तारखेला दुपारी माऊस आला आणि चौदाला संध्याकाळी तो दुरुस्त झाला होता. स्विच लवकर मिळाला नाही हे मी खोटं लिहिलं. तो माझ्या डब्यातच होता.

झालं असं की झाकण लावताना तो तळहातात धरला. त्याच्या डाव्या बाजूचं रबर एका जागी गुळगुळीत झालेलं आहे, तुझ्या अंगठ्याने. माझा अंगठा त्याच्या मागे, निम्मा बाहेर राहतो. तुझा हात एवढा लहान आहे हे इतक्या वर्षांत मी मापलं नव्हतं. मग मी तो दुकानातल्या सेटच्या रिसीव्हरशी जोडला. आपला सेट जुळाच असल्याने तो लगेच जोडला गेला. तपासायला म्हणून जोडला असं मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं.

त्यानंतर बारा दिवस मी तो वापरला. गिऱ्हाईक नसताना पडद्यावर बाण इकडून तिकडे न्यायचो. उघडायचं काही नसायचं. एकदा शिंप्याने विचारलं, "काय शोधताय?" म्हटलं, रेझिस्टर.

सत्तावीस तारखेला वाटलं की तुझं काम अडलं असेल. घाईने बांधला आणि तुझ्या रिसीव्हरशी त्याची ओळख तुटली आहे हे विसरलो. गिऱ्हाइकाच्या वस्तूत असली चूक मी कधी केली नाही, कारण गिऱ्हाइकाची वस्तू मी काम झाल्यावर ठेवून घेत नाही. आणि तू लिहिलंस तेव्हा कबूल करायच्या ऐवजी तुला फुंकर मारू नकोस म्हणून शिकवत बसलो. त्या पत्राची मला लाज वाटते.

पुन्हा जोडायचं असेल तर सोपं आहे. रिसीव्हर काढून परत लाव, दहा सेकंदांच्या आत माऊस त्याच्याजवळ धर, दोन्ही बटणं एकदम दाबून ठेव, बाण हलेपर्यंत. पण घाई नाही. नवा चालतोय तर त्याच्यावर नकाशा पुरा कर. काळा माऊस वाईट नसतो.

आता एकतीस तारखेचं. आहे तीच खोली राहू दे असं लिहू नकोस. दोन खोल्या माग. तिसरा मजलाच माग, उत्तरेची खिडकी असलेली खोली मला कामाला लागेल, उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो. खोल्यांची मापं आतल्या अंगाने घे, दाराच्या चौकटीची वेगळी. टेबलाची फळी सुटी करून आणतो, बाकीचं नंतर. अठ्ठावीसच्या सकाळी पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस, कामाचा दिवस आहे. पत्ता मला पाठ आहे.

तू परत यावंस असं मला वाटत होतं. तुझ्या पहिल्या पत्रापासून रोज वाटत होतं. ते लिहिलं असतं तर तू आली असतीस, आणि त्या मुलींच्या हाताखाली बसली असतीस, आणि मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नसतास. म्हणून लिहवलं नाही. आणि मी येतो हेही लिहवेना, कारण तिकडे मला कुणी ओळखत नाही. इथे चार गल्ल्यांत वस्तू मोडली की माझं नाव निघतं. तिथे मी बाईंचा नवरा. हे पचवायला मला पाच आठवडे लागले. एवढंच त्या गप्प राहण्यामागे होतं.

शिंपीवहिनीने तुला अर्धं सांगितलं, कारण दोन दुकानांच्या मधल्या भिंतीतून तिला अर्धंच ऐकू आलं. तिचा फोन झाल्यावर ती माणसं आणखी एकदा आली. तिसऱ्यांदा परवा, मंगळवारी, सकाळी साडेदहाला. मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांना पटेना. कारण विचारलं, तर म्हटलं, बायकोची बदली झाली आहे. एकजण म्हणाला, "साहेब, ती तर तीन वर्षांपूर्वी झाली ना?" म्हटलं, हो, मला आज कळली.

हे मी उपकार म्हणून सांगत नाही आणि तूही तसं धरू नकोस. पण मी काय मागे ठेवून येतो आहे याचं माप फक्त माझ्याकडे असावं, हे काही बरोबर नाही. वस्तू दोघांची तर मापही दोघांना माहीत हवं. तेव्हा नीट लिहून देतो. पद, मुख्य दुरुस्ती तंत्रज्ञ, हाताखाली नऊ माणसं. करार तीन वर्षांचा, मुक्काम इथेच. शिक्षणाचा रकाना कोरा ठेवायला ते स्वतःहून तयार होते. पगार दरमहा ब्याऐंशी हजार पाचशे.